पुस्तकाचं नाव सांगू नका, पुस्तक दाखवा : शाळेच्या ग्रंथालयाची यादी आणि एआय



तुमच्या शाळेत पुस्तकांची दाखल नोंदवही असेलच. दाखल क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पाने, किंमत, शेरा. तपासणीला कुणी आलं की ती टेबलावर येते. पण पाचवीतल्या एखाद्या मुलीने विचारलं, "बाई, भुताचं पुस्तक आहे का?" तर ही नोंदवही काहीच सांगत नाही. किल्ल्यांची पुस्तकं किती, क्रिकेटवर काही आहे का, आजी-आजोबांच्या गोष्टी कुठल्या पुस्तकात आहेत, हे त्यात नसतं. ती वही पुस्तकांचा हिशोब ठेवायला केलेली आहे. मुलाला पुस्तक सापडावं म्हणून केलेली नाही.

मुलाला पुस्तक सापडावं म्हणून जी माहिती लागते तिला हल्ली मेटाडेटा म्हणतात. शब्द जड वाटला तरी गोष्ट सोपी आहे. पुस्तक न उघडता पुस्तकाबद्दल कळावं अशी माहिती म्हणजे मेटाडेटा. नाव, लेखक, अनुवादक, आवृत्ती, साल हा त्यातला एक भाग. विषय, दोन ओळींचा सारांश, कोणत्या वयाला झेपेल, कपाटात कुठे ठेवलंय हा दुसरा. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचं आहे. मधली सुट्टी किती मिनिटांची असते ते आपल्याला माहीत आहे. तेवढ्यात पुस्तक सापडलं नाही की मूल हात हलवत परत जातं आणि बहुतेक वेळा पुन्हा येत नाही.

अडचण अशी की बहुतेक शाळांत पूर्णवेळ ग्रंथपाल नाही. ग्रंथालयाचा चार्ज कुठल्या तरी भाषाशिक्षकाकडे किंवा ज्याच्या तासिका कमी त्याच्याकडे. सातशे-आठशे पुस्तकांची अशी सविस्तर नोंद करायला वेळ कुठून आणायचा? इथे चॅटजीपीटी, जेमिनीसारखी जनरेटिव्ह एआय साधनं खरोखर कामाला येतात. माझं मत विचाराल तर जरूर वापरा. पण वापरण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि त्यांतली सोपी वाटणारी पद्धत धोक्याची आहे.

नावावरून अंदाज

सोपी पद्धत म्हणजे पुस्तकांच्या नावांची यादी चिकटवायची आणि सांगायचं, "यांचे लेखक, प्रकाशक, साल, आयएसबीएन, विषय आणि सारांश दे." मिनिटाभरात सुंदर तक्ता तयार होतो. एकही रकाना रिकामा नसतो. खरं तर इथेच आपण सावध व्हायला हवं.

एक गंमत करून बघा. खाली दिलेली पुस्तकं कधी ऐकलीच नाहीत असं समजा आणि फक्त नावावरून विषय ओळखा. 'श्रीमान योगी'. योगासनं? 'स्वामी'. एखाद्या संताचं चरित्र? 'गोट्या'. मैदानी खेळ? 'कोसला'. रेशीम उद्योग? 'पाडस'. प्राणिजीवन? 'शाळा'. शिक्षणशास्त्र?

आपल्याला माहीत आहे की 'श्रीमान योगी' ही रणजित देसाईंची शिवाजी महाराजांवरची कादंबरी आणि 'स्वामी' ही त्यांचीच माधवराव पेशव्यांवरची. 'गोट्या' हा ना. धों. ताम्हनकरांचा मुलगा-नायक. 'कोसला' नेमाडेंची आणि 'शाळा' मिलिंद बोकिलांची कादंबरी. 'पाडस' हा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, मूळ लेखिका मार्जोरी किनन रॉलिंग्ज.

इतकी गाजलेली पुस्तकं एआयला बहुधा माहीत असतात, त्यामुळे इथे तो बरोबर उत्तर देईल आणि तुमचा विश्वास बसेल. पण शाळेच्या कपाटात सगळी गाजलेली पुस्तकं नसतात. तालुक्याच्या एखाद्या निवृत्त गुरुजींनी स्वखर्चाने छापलेला बालकवितांचा संग्रह असतो. बंद पडलेल्या प्रकाशनाची विज्ञानमाला असते. मुखपृष्ठ फाटलेली चरित्रं असतात. त्यांच्याबद्दल त्याला काही माहीत नसतं. आणि मग वर आपण गंमत म्हणून जे केलं तेच तो करतो : नावावरून अंदाज. फरक एवढाच, की तो अंदाज आहे असं म्हणेलच याची खात्री नाही. 'स्वामी'बद्दलचं बरोबर वाक्य आणि अनोळखी पुस्तकाबद्दलचं रचलेलं वाक्य एकाच सुरात येतं.

असं का होतं हे मोठ्या वर्गांतल्या मुलांनाही समजावून सांगता येईल. ही साधनं मुळात पुढचा शब्द कोणता येईल याचा हिशोब करत वाक्य जुळवतात. प्रकाशकाच्या रकान्यात कुठल्या तरी मराठी प्रकाशनाचं नाव येणार, सालाच्या रकान्यात चार अंक येणार, हे त्यांना नेमकं कळतं. तो रकाना या पुस्तकासाठी खरा आहे का, हे त्यातून कळत नाही.

दुसरी पद्धत : चार फोटो

पुस्तक दाखवायचं. मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपृष्ठ, त्याच्या मागचं पान (जिथे आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक, किंमत बारीक अक्षरात असतं ते) आणि मलपृष्ठ. अनुक्रमणिका असेल तर तिचाही फोटो घ्या, विषय ठरवायला तिचा फार उपयोग होतो. त्याहून जास्त पानं देऊ नका, गरजही नाही आणि लेखक-प्रकाशकाच्या हक्काचाही प्रश्न येतो.

सोबत सूचना द्यायची ती साधारण अशी. जशीच्या तशी वापरा, हवे ते बदल करा :

"हे एका पुस्तकाच्या पानांचे फोटो आहेत. फक्त या फोटोंत जे छापलेलं आहे ते वाचून पुढील रकाने भर : पुस्तकाचे नाव, लेखक, मूळ लेखक, अनुवादक, संपादक, प्रकाशक, गाव, ही आवृत्ती, या आवृत्तीचे साल, पहिल्या आवृत्तीचे साल, पाने, किंमत, आयएसबीएन. जे छापलेलं नाही तिथे 'दिलेले नाही' असं लिही. स्वतःच्या माहितीतून काहीही भरू नकोस. जो शब्द नीट वाचता आला नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाक. नावातलं शुद्धलेखन सुधारू नकोस. विषय फक्त सोबतच्या यादीतून निवड, जास्तीत जास्त तीन. एकही बसत नसेल तर 'यादीत नाही' असं लिही. प्रत्येक माहिती कोणत्या फोटोतून घेतली ते पुढे लिही."

यातल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. 'दिलेले नाही' लिहायची परवानगी दिली नाही तर रिकामी जागा भरायचा त्याचा कल असतो. कोणत्या फोटोतून घेतलं हे विचारलं की तुमची तपासणी सोपी होते, थेट त्या पानावर बोट ठेवता येतं. आणि शुद्धलेखनाचं म्हणाल, तर डॉ. नरेंद्र जाधवांच्या पुस्तकाचं नाव 'आमचा बाप आन् आम्ही' असं आहे. तो 'आन्' यंत्राने 'आणि' केला, तर शुद्ध झालं पण पुस्तक बदललं. बोलीतली नावं असलेली पुस्तकं आपल्याकडे कमी नाहीत.

एवढं बजावूनही गाजलेल्या पुस्तकाच्या बाबतीत एआय आपल्या आठवणीतली माहिती मध्येच घुसडू शकतो. म्हणून नोंद हातात आली की पुस्तक हातात घ्यायचंच.

पुस्तक हातात घेऊन काय बघायचं

मराठी पुस्तकांत चुका कुठे होतात याच्या काही ठरलेल्या जागा आहेत.

पहिली जागा साल. जुन्या पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शके छापलेलं असतं. 'शके १८७७' म्हणजे इ.स. १९५५. शकात ७८ मिळवायचे, आणि तारीख जानेवारी ते गुढीपाडवा यांच्या दरम्यानची असेल तर ७९. यंत्राने १८७७ हे इसवी सन धरलं तर तुमच्या कपाटातलं पुस्तक एका झटक्यात पाऊण शतकाहून जास्त म्हातारं होतं! दुसरी गडबड आवृत्तीची. मागच्या पानावर पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण अशी रांग असते. तुमच्या हातात असलेली प्रत त्यातली शेवटची असते. म्हणूनच वरच्या सूचनेत दोन सालं वेगवेगळी मागितली आहेत.

मुद्रक आणि प्रकाशक यांची अदलाबदलही होते. मुखपृष्ठाचा चित्रकार किंवा अक्षरजुळणी करणारी व्यक्ती लेखकाच्या रकान्यात जाऊन बसते. प्रस्तावना नामवंत माणसाची असेल तर त्याचंच नाव लेखक म्हणून येण्याचा संभव असतो, कारण मुखपृष्ठावर तेच ठळक छापलेलं असतं. अनुवादाचं तर विचारूच नका. 'अग्निपंख' घ्या. मूळ पुस्तक डॉ. कलामांनी अरुण तिवारींसोबत लिहिलेलं, मराठी अनुवाद माधुरी शानभाग यांचा. तीन माणसांचं काम आणि नोंदीत बहुतेक ठिकाणी एकच नाव.

मग आयएसबीएन. हा क्रमांक पुस्तकावर छापलेला नसेल तर एआयकडून घ्यायचाच नाही, हा नियम पक्का ठेवा. आयएसबीएन पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७० साली सुरू झाली. त्याआधी छापलेल्या प्रतीला असा क्रमांक असूच शकत नाही. २००७ पासून तो १३ अंकी झाला, त्याआधी १० अंकी होता. भारतातल्या पुस्तकांचा १३ अंकी क्रमांक सहसा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो.

छापलेला क्रमांक यंत्राने नीट वाचला का, हे तपासायची एक सुंदर रीत आहे आणि ती गणिताच्या तासाला घेण्यासारखी आहे. १३ अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं. सगळ्यांची बेरीज १० ने निःशेष भागली गेली पाहिजे. उदाहरणार्थ ९७८-०-३०६-४०६१५-७ हा क्रमांक घ्या :

९ + २१ + ८ + ० + ३ + ० + ६ + १२ + ० + १८ + १ + १५ + ७ = १००

बरोबर जमलं. एक अंक चुकीचा वाचला गेला तर बेरीज हमखास बिघडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा बिघडते, पण त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल (उदा. १ आणि ६) तर चूक पकडली जात नाही. असं का, हे आठवी-नववीच्या मुलांना शोधू द्या. छान तासिका होते. फक्त एक ध्यानात ठेवा, ही परीक्षा पास झाली म्हणजे क्रमांक त्याच पुस्तकाचा आहे असं नाही. मनाने रचलेला शेवटचा अंक दहापैकी एकदा योगायोगानेही जुळतो.

विषयाच्या रकान्यात यंत्र अडखळतं

अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२ पासून हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला. सुमारे २३ हजार ई-पुस्तकं घेतली, ज्यांच्या नोंदी माणसांनी आधीच केलेल्या होत्या. वेगवेगळ्या यंत्र-पद्धतींनी नव्याने नोंदी करवून त्या माणसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. पुस्तकाचं नाव, लेखक, ओळख क्रमांक अशा छापलेल्या गोष्टींत यंत्रांची कामगिरी चांगली होती. विषय ठरवण्यात मात्र ती बरीच मागे पडली. म्हणून पुढे त्यांनी यंत्राने फक्त सुचवायचं आणि ग्रंथपालाने निवडायचं, या दिशेने प्रयोग केले. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'ॲनिफ' नावाचं मोफत साधन तयार केलंय, तेही ठरलेल्या शब्दसूचीतूनच विषय सुचवतं. स्वतःचे शब्द तयार करत नाही.

यातून आपल्यासारख्यांनी घेण्यासारखं काय? शब्दांची यादी आधी आपण करायची.

यादी दिली नाही तर काय होतं ते बघा. एआय निम्म्या पुस्तकांना 'बालसाहित्य' असा विषय देतो. शाळेच्या ग्रंथालयात जवळजवळ सगळंच बालसाहित्य, मग त्या शब्दाने शोधून काय सापडणार? एका पुस्तकाला तो 'किल्ले' म्हणतो, दुसऱ्याला 'गडकोट', तिसऱ्याला 'दुर्गभ्रमण'. तीनही शब्द बरोबर, पण 'किल्ले' शोधणाऱ्या मुलाला तीनातलं एकच पुस्तक मिळतं. उरलेली दोन कपाटात असून नसल्यासारखी.

म्हणून चाळीसेक शब्द ठरवा. पुस्तकी नकोत, मुलं तोंडाने वापरतात ते घ्या. भुताच्या गोष्टी, गमतीच्या गोष्टी, किल्ले, क्रिकेट, शाळेतल्या गोष्टी, प्राणी, अंतराळ, घरी करायचे प्रयोग, शोध लावणारी माणसं, गावाकडच्या गोष्टी, रहस्यकथा, आई, मैत्री. महिनाभर एक कागद कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा आणि मुलं काय काय मागतात ते त्यांच्याच शब्दांत टिपा. यादी आपोआप तयार होते. ती यंत्राकडून करून घेऊ नका. तुमच्या गावातली मुलं काय मागतात हे त्याला कुठून कळणार?

लेखकांच्या नावांचंही असंच. साने गुरुजी, सानेगुरुजी, पां. स. साने, साने पांडुरंग सदाशिव, ही एकाच माणसाची चार रूपं एक्सेलमध्ये चार लेखक होतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. इथे एआय खरोखर मदत करतो. सगळ्या लेखकांचा रकाना त्याला द्या आणि "एकाच व्यक्तीची वाटणारी नावं एकत्र दाखव, पण बदल करू नकोस" असं सांगा. एकत्र करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोन सख्खे भाऊ आहेत, दोघांची पुस्तकं शाळांत असतात. 'माडगूळकर' एवढंच छापलेल्या जुन्या नोंदीचं काय करायचं हे कपाटाशी जाऊनच कळेल.

वर्गीकरणाचा क्रमांक विचारलात तर तो ड्यूई दशांश पद्धतीप्रमाणे ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्यात ८९१.४६३ म्हणजे कथा-कादंबरी, असं बरोबर सांगू शकेल. नियमाने गेलं तर 'पाडस' अमेरिकन कादंबरी म्हणून ८१३ वर जाईल. नियम चुकीचा नाही. पण तुमच्या शाळेतला सातवीचा मुलगा 'पाडस' मराठी गोष्टींच्या खणातच शोधणार. छोट्या ग्रंथालयाने असे निर्णय आपल्यापुरते घ्यावेत आणि एका कागदावर लिहून ठेवावेत, म्हणजे तुमची बदली झाली तरी पुढचा शिक्षक तोच नियम चालवेल. बदल्यांमुळे किती चांगल्या याद्या अर्ध्यावर राहिल्या आहेत, हे वेगळं सांगायला नको.

एक शब्द चुकला तर

हा भाग हायस्कूलच्या शिक्षकांनी जरा थांबून वाचावा अशी विनंती आहे.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', दया पवारांचं 'बलुतं' ही त्याच काळातली आत्मकथनं. अशा पुस्तकांचा विषय आणि सारांश यंत्राने लिहिला तर तो कोणते शब्द निवडेल? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ साली तो कायदा गेला आणि त्या जमातींना 'विमुक्त' म्हटलं जाऊ लागलं. पण जुन्या सरकारी कागदांत, जुन्या पुस्तकांत 'गुन्हेगार जमात' हा शब्द भरपूर आहे आणि यंत्र त्याच साठ्यावर शिकलेलं असतं. 'उचल्या'पुढे 'चोरी, गुन्हेगारी' असा विषय पडला तर तो शब्दाला शब्द ताडून बरोबरही वाटेल. तो कायदा रद्द होऊन सत्तरहून अधिक वर्षं झाली, आणि आपण त्याचंच लेबल पुन्हा छापून पुस्तकाच्या पाठीवर लावणार.

त्या समाजातलं मूल आपल्या वर्गात बसलेलं असू शकतं. आपल्या आजोबांच्या आयुष्याचं पुस्तक त्याला 'गुन्हेगारी'च्या खणात सापडावं? 'भटके-विमुक्त', 'आत्मकथन' हे शब्द आपल्या यादीत आधीच असले पाहिजेत. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, अपंगत्व, स्त्रिया यांच्याविषयीच्या पुस्तकांची नोंद एआयने काहीही सुचवलं तरी माणसाने शब्द न् शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. शक्य असेल तर दोघांनी वाचावी.

सारांश कुणी लिहायचा?

एआयला सारांश मागा, तो म्हणेल : "हे प्रेरणादायी पुस्तक वाचकांना एका अविस्मरणीय प्रवासावर घेऊन जाते." हे वाक्य कुठल्याही पुस्तकावर चिकटवा, चालून जातं. म्हणजेच ते कुठल्याच पुस्तकाचं नाही.

'बनगरवाडी'चा सारांश असा हवा : "माणदेशातल्या मेंढपाळांच्या छोट्याशा वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळेत मुलंच येत नाहीत. तो लोकांशी ओळख करून घेतो, शाळा भरवतो, तालीम बांधायचं ठरतं... आणि मग पाऊस येत नाही." कोण, कुठे, काय घडतं. शेवट सांगायचा नाही. विशेषणं शक्य तेवढी कमी. तशी सूचना दिली आणि मलपृष्ठाचा फोटो दिला तर एआय बरा मसुदा देतो. मात्र मलपृष्ठावर नसलेले प्रसंग त्यात आले असतील तर ते पुस्तकात आहेत का हे बघा.

पण मला विचाराल तर सारांशाचं काम मुलांना द्या. पुस्तक परत करताना मुलाने दोन वाक्यं लिहून द्यायची : यात काय आहे, आणि हे कुणाला आवडेल. "ज्याला कुत्रा पाळायचाय पण घरचे नाही म्हणतात त्याने वाचावं," असं वाक्य यंत्र लिहीत नाही. एआयकडून फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारून घ्या.

वर्गात घ्यायचा एक तास

सातवी ते नववीसाठी. चार-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक पुस्तक आणि त्या पुस्तकाच्या एआयने केलेल्या दोन नोंदींची छापील प्रत द्या. एक नोंद फक्त नाव देऊन केलेली, दुसरी फोटो देऊन केलेली. कुठली कशी केली हे सांगू नका. मुलांनी पुस्तक उघडून प्रत्येक रकाना तपासायचा : पुस्तकात सापडला तर हिरवी खूण, चुकीचा असेल तर लाल, पुस्तकात कुठेच नसेल तर पिवळी. पिवळ्या खुणांवरच खरी चर्चा होते. ही माहिती चूक आहे का? माहीत नाही. मग ती नोंदीत ठेवायची का? मुलं भांडतात, आणि चांगली भांडतात. पुस्तकं निवडताना गाजलेलं एक आणि कुणालाच माहीत नसलेली दोन-तीन घ्या, नाहीतर सगळीकडे हिरवंच दिसेल.

यातून मुलं शीर्षकपृष्ठ वाचायला शिकतात हा वेगळा फायदा. आवृत्ती म्हणजे काय, प्रकाशक आणि मुद्रक यांत फरक काय, हे पदवीपर्यंत अनेकांना माहीत नसतं.

पालकांसाठी

फोटो काढणं, एक्सेलमध्ये नोंदी चिकटवणं, पुस्तकाशी ताडून बघणं, हे काम पालकांना शनिवारी दोन तास येऊन करता येतं. आजी-आजोबा आले तर उत्तमच. जुना टाइप, शके, बंद पडलेली प्रकाशनं ही त्यांच्या रोजच्या ओळखीची. कुठल्या पुस्तकाला मुलं कोणत्या नावाने ओळखतात हेही घरीच कळतं. घरची पुस्तकं शाळेला भेट देणार असाल तर देणाऱ्याचं नाव शेऱ्यात लिहायला सांगा, ते पुस्तकाच्या इतिहासाचा भाग आहे आणि कुठलाही एआय ते सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नये : देव-घेवीच्या वहीचा फोटो कुठल्याही एआयला देऊ नका. त्यात मुलांची नावं, वर्ग आणि कोणी काय वाचलं हे असतं. पुस्तकाची माहिती वेगळी, मुलाची वेगळी. "मुलांच्या आवडीचं विश्लेषण करून देतो" असं कुणी म्हणालं तरी नावं काढून फक्त पुस्तकांचे आकडे द्या.

सुरुवात पन्नास पुस्तकांनी करा, आणि तीही सगळ्यात जास्त मागितली जाणारी. तक्त्यात शेवटचे दोन रकाने ठेवा : 'नोंद कशी केली' आणि 'कुणी तपासली'. पहिल्यात 'एआय, फोटोवरून' किंवा 'हाताने' असं लिहा, दुसऱ्यात तपासणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख. दुसरा रकाना रिकामा असेल ती नोंद कच्ची समजायची आणि मुलांच्या यादीत टाकायची नाही. पुढे कधी कोहा किंवा ई-ग्रंथालयसारख्या प्रणालीत हा तक्ता नेता येतो, तेव्हा कच्च्या नोंदी बाजूला काढायला याच रकान्याची गाळणी लावा.